सायकलने कोकण किनारा: रेवस ते तेरेखोल, सामान काय घ्यायचं आणि कसं बांधायचं

पहिल्या वेळी तिसरा मुक्काम आंजर्ल्याला होता. ज्यांच्या घरी उतरले होते त्या काकूंनी माझी एक पिशवी ओटीवर ठेवायला उचलली आणि म्हणाल्या, "अगो, दगड भरलेयस की काय यात?" काकांनी सुपारी तोलायचा काटा आणला. दोन पॅनियर, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पिशव्या, हँडलवरची छोटी बॅग आणि कॅरियरवर आडवी बांधलेली सॅक. एकेक करून सगळं तोललं. १९ किलो भरलं. अलिबागजवळच्या रेवसहून निघाल्यापासून प्रत्येक चढावर मी माझ्या तयारीला दोष देत होते, आणि खरं ओझं मागे कॅरियरवर होतं.

त्या रात्री ओटीवर चटई टाकून सगळं मांडलं. तीन दिवसांत ज्याला हातही लागला नव्हता ते बाजूला काढलं, तर तो ढीग साडेसात किलोंचा झाला. दुसऱ्या दिवशी दापोलीच्या स्टँडवरून तो एसटीच्या पार्सलने घरी पाठवला. पुढे गुहागर, गणपतीपुळे, मालवण करत तेरेखोलला पोचेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूची आठवण झाली नाही. त्यानंतर हाच रस्ता आणखी दोनदा केला आणि आता माझं सामान, पाणी सोडून, ९ किलोंच्या आत बसतं. ते कसं बसवायचं, तेवढंच इथे क्रमाने लिहिते.

आधी रस्ता समजून घ्या

किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता, असं वाटून बरेच जण निघतात. कोकणात तसं नाही. रस्ता खाडीला उतरतो, जेट्टीवर किंवा पुलाशी येतो आणि पलीकडे गेल्यावर लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, चढतो. शे-दीडशे मीटरचा चढ, वर थोडी सपाटी, की पुन्हा उतार. दिवसातून असं चार-पाच वेळा होतं. सपाटीवर एकदा वेग धरला की दोन-चार किलो जास्तीचे फारसे जाणवत नाहीत. चढावर मात्र त्यातला प्रत्येक किलो तुमच्या मांड्यांनी वर न्यायचा असतो.

दुसरी गोष्ट फेरीबोटींची. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड आणि शेवटी गोव्यात तेरेखोल ते केरी. या बोटींवर सायकल सामानासकट ढकलत नेता येते. पण मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरलीत, तर सायकल उचलून चढवावी लागते. म्हणून पिशव्या अर्ध्या मिनिटात सुटल्या पाहिजेत. दोऱ्यांनी गाठी मारमारून बांधलेलं सामान धक्क्याच्या पायऱ्यांवर, मागे माणसं खोळंबलेली असताना सोडवत बसणं फार जिवावर येतं.

तिसरी गोष्ट सोयीची आहे. या सगळ्या रस्त्यावर घरगुती निवास, खानावळी आणि भक्तनिवास आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जायचा काळ, तेव्हा रात्री पातळ पांघरूण पुरतं. तेव्हा तंबू, स्लीपिंग बॅग, मॅट आणि स्टोव्ह यांना सुट्टी द्या. तिथेच चार-पाच किलो वाचतात.

यावरून मी सामानाचा एकच नियम ठरवला. जे वाटेवरच्या बाजारात मिळतं ते जास्तीचं घ्यायचं नाही, आणि जे तिथे मिळत नाही ते कितीही क्षुल्लक वाटलं तरी सोडायचं नाही. साबण, टूथपेस्ट, बिस्किटं, तापाची गोळी, अगदी चप्पलसुद्धा श्रीवर्धन, दापोली, गुहागर, देवगड कुठेही मिळते. तुमच्या सायकलच्या गिअरची केबल आणि बारीक व्हॉल्व्हची ट्यूब मात्र मिळेलच याचा भरवसा नाही. गावातल्या सायकलच्या दुकानात साध्या सायकलींचं सामान असतं. तो कारागीर हुशार असतो, पण त्याच्याकडे नसलेला पार्ट तो तरी कुठून आणणार?

पहिली पायरी: मांडा आणि तोला

निघायच्या किमान पंधरा दिवस आधी एका संध्याकाळी सगळं जमिनीवर मांडा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि प्रत्येक वस्तूचं वजन वहीत लिहा. हे कंटाळवाणं आहे, तरी टाळू नका. जीन्सचं वजन आकड्यात दिसलं की ती आपोआप कपाटात परत जाते. मोठा टर्किश टॉवेल, जाड पुस्तक, शाम्पूची अख्खी बाटली यांचंही तसंच होतं.

पिशव्या भरल्यावर एकूण वजन घ्यायला साधा वजनकाटा पुरतो. आधी नुसतं स्वतःचं वजन घ्या, मग पिशवी हातात धरून घ्या, आणि वजा करा. डाव्या-उजव्या पॅनियरमध्ये अर्ध्या किलोपेक्षा जास्त फरक ठेवू नका. जास्त झाला तर सायकल एका बाजूला ओढते आणि दिवसाच्या शेवटी त्याच बाजूचा खांदा भरून येतो.

दुसरी पायरी: कॅरियर आणि पिशव्या

पाठीवर सॅक घेऊन लांब जाऊ नका. घामाने पाठ भिजते ते चालेल एकवेळ, पण सॅकचं सगळं वजन सीटवर येतं आणि दुसऱ्या दिवशी बसवत नाही.

कॅरियर घेण्याआधी सायकलच्या मागच्या चाकाजवळ, फ्रेमला, कॅरियर कसायची भोकं आहेत का बघा. डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चकती दाबून धरणाऱ्या भागाला, अडणार नाही असं, डिस्कसाठीचंच कॅरियर घ्या. कॅरियरवर किती किलोंची मर्यादा लिहिली आहे तेही वाचा. टूरिंगच्या चांगल्या कॅरियरवर बहुधा २५ किलो असते, सीटच्या दांड्याला आवळायच्या कॅरियरवर बरीच कमी.

आता बोल्टबद्दल, कारण या प्रवासातली सर्वात वाईट दुपार मला एका बोल्टमुळे भोगावी लागली. धोपाव्याकडून गुहागरला जाताना मागून खडखड यायला लागली. उतरून बघते तर कॅरियरचा खालचा डावा बोल्ट गायब आणि कॅरियर चाकाकडे झुकलेलं. दोन किलोमीटर सायकल ढकलत एका मोटारसायकलच्या गॅरेजात पोचले. तिथल्या दादाने बोल्टांचा डबाच माझ्यासमोर उपडा केला. डब्यात ६ मिलिमीटरचे बोल्ट ढिगाने होते आणि मला हवा होता ५ मिलिमीटरचा. कॅरियर, बाटलीचा पिंजरा, मडगार्ड यांना सायकलवर बहुतेक ५ मिलिमीटरचाच बोल्ट लागतो. शेवटी त्याने बंधनतारेचे पाच-सहा वेढे देऊन कॅरियर आवळून दिलं आणि पैसे काही घेतले नाहीत. तेव्हापासून चार जास्तीचे बोल्ट माझ्याजवळ असतात. त्यांचं वजन वीस-पंचवीस ग्रॅम. कॅरियर कसताना बोल्टच्या आट्यांवर थ्रेडलॉकचा, म्हणजे बोल्ट सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब टाका, आणि प्रवासात रोज सकाळी चहा होईपर्यंत सगळे बोल्ट ॲलन कीने (सहा कोनी किल्लीने) एकदा तपासा.

पॅनियर शक्यतो गुंडाळून बंद होणारे, वॉटरप्रूफ घ्या. ते महाग वाटले तर साधे घ्या आणि आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घाला. पाऊस नसला तरी बोटीवर उडणारं खारं पाणी आणि वाटेवरची लाल धूळ, दोन्हीपासून ती वाचवते. पॅनियर लावून पेडल उलटं फिरवा आणि टाच पिशवीला लागते का बघा. लागत असेल तर पिशवी मागे सरकवा. दिवसात हजारो वेळा टाच घासली तर पिशवीही फाटते आणि गुडघाही दुखतो.

तिसरी पायरी: दुरुस्तीचं सामान

सायकलच्या सामानात कंजूषपणा करू नका. माझी दुरुस्तीची पिशवी सव्वा किलोची आहे आणि ती मी कधीच हलकी करत नाही.

तुमच्या टायरच्या मापाच्या दोन ट्यूब घ्या, बॉक्समधून काढून, पावडर लावून जुन्या मोज्यात गुंडाळलेल्या. मोज्यामुळे त्यांना घासून भोक पडत नाही आणि चेन हाताळताना मोजा हातात घालता येतो. पंक्चरचे आठ-दहा पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा आणि सोल्यूशनची नवी, न फोडलेली ट्यूब घ्या. एकदा फोडलेलं सोल्यूशन महिन्या-दोन महिन्यांत आतच सुकून जातं आणि ते नेमकं रस्त्यावर कळतं. टायर काढायच्या तीन पट्ट्या हव्यात. हातपंपही हवाच. तुमचा व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पितळेचं ॲडॉप्टर घ्या. बोटाच्या पेराएवढी ती वस्तू असली की पेट्रोल पंपावर किंवा टपरीवर कॉम्प्रेसरची हवा भरता येते.

चेन तोडायची सोय असलेला मल्टिटूल, तुमच्या चेनच्या स्पीडला, म्हणजे मागच्या गिअरच्या संख्येला, जुळणाऱ्या दोन क्विक लिंक (चेन तुटली तर जोडायच्या कड्या), एक गिअर केबल, ब्रेक पॅडची जोडी आणि डिरेलर हँगर. या हँगरबद्दल फार कमी जणांना माहिती असते. मागचा गिअर फ्रेमला ज्या छोट्या पट्टीने जोडलेला असतो ती पट्टी मुद्दाम नरम केलेली असते. सायकल पडली की फ्रेमऐवजी ती वाकते. प्रत्येक फ्रेमची पट्टी वेगळी असल्यामुळे ती वाटेत मिळणं जवळजवळ अशक्य. आधीच मागवून ठेवा.

मागच्या चाकाचे, गिअरच्या बाजूचे दोन-तीन स्पोक योग्य लांबीचे घेऊन फ्रेमच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधा. मागे वजन असतं म्हणून स्पोक तुटला तर बहुधा तिथलाच तुटतो. इलेक्ट्रिशियनची काळी टेप रीळ म्हणून न नेता पंपाभोवती दहा वेढे गुंडाळून न्या. केबल टाय दहा. चेनच्या तेलाची ३० मिलिलिटरची बाटली, झाकणावर प्लास्टिक आणि रबरबँड लावून. खाऱ्या वाऱ्याने चेन दोन दिवसांत तांबूस व्हायला लागते, म्हणून एक दिवसाआड पुसून तेल द्या. जुन्या टायरचा बोटभर लांबीचा तुकडाही ठेवा. टायर चिरला तर आतून लावायला कामी येतो.

हे सगळं नेऊन वापरता आलं नाही तर उपयोग नाही. घरी गॅलरीत मागचं चाक काढा, ट्यूब बदला, पुन्हा बसवा. लागोपाठ तीनदा करा. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापूस किंवा रुमाल फिरवा. बारीक तार किंवा काटा अडकलेला असेल तर धागा तिथे अडतो. नुसतं बोट फिरवलंत तर बोटात जाईल. मागच्या वेळी जैतापूरच्या अलीकडे एका तासात दोनदा पंक्चर झालं, ते केसासारख्या एका तारेमुळे. पहिल्या वेळी मी घाईत टायर तपासलंच नव्हतं.

चौथी पायरी: कपडे आणि पंचा

सायकलचे दोन जोड, संध्याकाळचा एक. एवढंच. पॅडेड शॉर्ट्स दोन, आतून दुसरं काही न घालता वापरायच्या, कारण आतल्या शिवणीनेच कातडी सोलते. दोन ड्रायफिट टीशर्ट, बाह्यांचे स्लीव्हज, ग्लोव्ह्ज, दोन जोड मोजे. संध्याकाळी घालायला पातळ कॉटनची पँट आणि कुर्ता, म्हणजे देवळात किंवा कुणाच्या घरी जेवायला बसताना संकोच वाटत नाही. पायात रबरी चप्पल. एक पातळ विंडचीटर, कारण नोव्हेंबरातही अवकाळी पाऊस येतो आणि पहाटे सड्यावर वारा चांगलाच झोंबतो.

टॉवेलच्या जागी पंचा घ्या. हे मी जीव तोडून सांगते. टॉवेल समुद्राकाठच्या दमट हवेत सकाळपर्यंत वाळत नाही, पंचा जेवण होईपर्यंत वाळतो. उन्हात ओला करून हेल्मेटखाली मानेवर घेता येतो, रात्री पांघरता येतो. आणि कपडे वाळवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. शॉर्ट्स धुऊन पिळा, पंचावर पसरा, दोन्ही मिळून सुरळी करा आणि त्या सुरळीवर गुडघा देऊन दाबा. पॅडमधलं पाणी पंचा ओढून घेतो. मग पंख्याखाली टाकलेली शॉर्ट्स सकाळी घालण्याजोगी होते. एवढं करूनही दमट राहिली तर दुसरी घाला आणि ओली कॅरियरवर, जाळीच्या पिशवीत बांधून उन्हात वाळू द्या.

पाचवी पायरी: शरीरासाठी

खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली रोज सकाळी निघण्याआधी, मांड्यांना आणि शॉर्ट्सच्या शिवणीखाली. घासलं गेल्यावर नाही, आधी. ओआरएसची पाच-सहा पाकिटं घ्या. पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. अर्धं-पाव चिमटीने टाकलं की क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडतं. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्ही चहाचे सपाट चमचे.

जंतुनाशक, बँडेज, क्रेप बँडेज, सनस्क्रीन, डासांचं मलम. रोजची औषधं असतील तर दोन जागी विभागून ठेवा. बायकांनी पाळीचं सामान तारीख दूर असली तरी घ्यावं. सलग श्रमाने तारीख पुढेमागे होऊ शकते, आणि सवयीचं असेल ते लहान गावात मिळेलच असं नाही.

पाण्याच्या दोन बाटल्या फ्रेमवर आणि एक लिटरची एक कॅरियरवर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून गावं जवळजवळ असतील तिथे तिसरी रिकामी ठेवा आणि सड्यावर चढण्याआधी शेवटच्या घरातून भरून घ्या. मागितलं तर कोकणात पाणी कुणी नाकारत नाही, उलट बसायला सांगतात. खायला चिक्की, खजूर, गूळ-शेंगदाणे एका दिवसापुरते. बाकी रोज विकत घ्या.

विजेचं लवकर उरकते. पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, १०,००० एमएएचचा पॉवर बँक, दोन पिनांचा चार्जर. मुक्कामी पोचल्यावर अंघोळीआधी सगळं चार्जिंगला लावा, कारण लाईट कधी जाईल सांगता येत नाही. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. खाडीच्या तळाशी नेटवर्क जातं आणि ते गेलं की फोनवरून पैसेही देता येत नाहीत. म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा बाळगाच.

सहावी पायरी: भरणं

जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या धुऱ्याच्या जवळ. वर आणि मागे जड ठेवलं की उतारावर हँडल थरथरायला लागतं. दुरुस्तीची पिशवी उजव्या पॅनियरमध्ये तळाला, पण बाहेरच्या अंगाला, म्हणजे कपडे न उपसता हात जातो. तिच्या वजनाला तोल म्हणून डावीकडे चप्पल, चार्जर, औषधं, तेलाची बाटली. कपडे दोन्हीकडे वरच्या भागात. विंडचीटर सगळ्यांत वर. पैसे, फोन, आधारकार्ड हँडलच्या बॅगेत, आणि ती बॅग चहालाही बरोबर न्यायची.

माझ्या आईने जुन्या शर्टांच्या चार पिशव्या शिवून दिल्या आहेत. निळीत कपडे, चौकडीच्यात औषधं, पांढरीत चार्जर, खाकीत धुवायचं. जागा आणि रंग कधीच बदलत नाही. लाईट गेलेल्या खोलीतही हात बरोबर पडतो.

पिशव्यांचे लोंबणारे पट्टे दुमडून बांधा. एक पट्टा स्पोकमध्ये गेला तर चाक जागच्या जागी अडकतं.

सातवी पायरी: भरलेल्या सायकलची फेरी

निघायच्या आधीच्या रविवारी, सगळं सामान लावून, पाण्यासकट, निदान ४० किलोमीटर जा. वाटेत खरा चढ हवा. मी पुण्याहून खडकवासल्यामार्गे डोणज्याला जाते आणि सिंहगडाच्या घाटात जमेल तेवढी वर चढते. आधी मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. उतरताना ब्रेक उशिरा लागतात हे तिथेच हाताला कळू द्या. वीस किलोमीटरवर थांबून बोल्ट तपासा. घरी आल्यावर काय घासलं, काय खडखडलं ते वहीत लिहा.

परतीचा विचारही याच दिवशी करा. गोव्याहून रेल्वेने यायचं तर सायकल पार्सल ऑफिसात द्यावी लागते. पॅनियर काढून डब्यात आपल्याजवळ ठेवा. दिवे, पंप, बाटल्याही काढा. फ्रेमला नाव, फोन नंबर आणि उतरायचं स्टेशन लिहिलेला पुठ्ठा दोन जागी बांधा, एक फाटला तरी दुसरा राहतो. बसने यायचं ठरलं आणि पेडल काढावी लागली तर ध्यानात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. बाहेरून, पेडलच्या बाजूने बघताना, ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतं. बरेच जण ते सोडवायच्या नादात आणखी आवळत बसतात. घरी एकदा दोन्ही पेडल काढून, आट्यांना ग्रीस लावून बसवून ठेवा आणि ती कशाने निघतात, १५ नंबरच्या पान्याने की ८ च्या ॲलन कीने, ते बघून तेवढंच हत्यार खाकी पिशवीशेजारी टाका.